प्लास्टिक काँक्रीटमध्ये घालायला नक्की अडतंय कुठे?

फोंड्याचा_भाई: आमच्या गोवा इंजिनिअरिंग कॉलेजने इंग्लंडच्या बाथ युनिव्हर्सिटीबरोबर प्रयोग केलेला, 2018 ला बातम्या आलेल्या, 10% वाळूच्या जागी प्लास्टिक घातलं तरी स्ट्रेंथ फारशी पडली नाही. बाटल्या वाळूएवढ्या बारीक दळल्या की बेस्ट रिझल्ट. इकडे नद्या उपसून काठ ढासळायला लागलेत आणि कचरा आहेच ढिगाने, मग वापरत का नाही?

साइटवरचा: लॅबमध्ये चाळून घेतलेला माल असतो हो. साइटवर गोणीतून झाकणं, लेबलं, तेलकट पिशव्या सगळं येणार. मिक्सरवाला घमेल्याने माप घेतो, पाणी अंदाजाने ओततो, त्याला 10% सांगणार? त्यात प्लास्टिक गुळगुळीत, सिमेंट धरतच नाही. आयएस 383 मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या वाळू-खडीच्या भारतीय मानकात, स्लॅग (धातूच्या भट्टीतली मळी) चालतो, जुन्या काँक्रीटची खडी चालते, प्लास्टिक नाही. उद्या स्लॅबला काही झालं तर सही माझी.

फोंड्याचा_भाई: स्लॅब कोण म्हणालं? पेव्हर ब्लॉक करा. मदुराईच्या वासुदेवन सरांनी रस्त्यात घातलंच ना, पद्मश्री मिळाली त्यांना.

साइटवरचा: ते डांबर, भाई! तिथे 160-170 डिग्रीच्या खडीवर प्लास्टिक वितळून लेप बसतो म्हणून चिकटतं. काँक्रीटमध्ये कोण वितळवणार?

सुका_कचरा_ताई: मुळात बाटलीला भंगारात भाव आहे, वेचणाऱ्या बायका ती मागे ठेवतच नाहीत, तिचा पॉलिस्टर धागा होतो. पडून राहतात ती वेफर्स-गुटख्याची चकचकीत पाकिटं, ती कुणी फुकटसुद्धा नेत नाही. ती घालून दाखवा की, चांगला माल कशाला गाडताय.

साइटवरचा: ताई, बरोबर बोललात. शिवाय वाळू वाचली तरी हवेत जाणारा खरा कार्बन सिमेंट बनवतानाचा, आणि स्ट्रेंथ पडली की माणूस सिमेंटच वाढवतो. त्यापेक्षा पाकिटं सिमेंटच्या भट्टीत कोळशाऐवजी जाळा, 1400 डिग्रीच्या वर असते ती.

फोंड्याचा_भाई: जातोय की आमचा कचरा ट्रक भरभरून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांत, डिझेल काय फुकट येतं? मी तरी पार्किंगला प्लास्टिक घातलेलेच ब्लॉक बसवणार.

सुका_कचरा_ताई: आणि टायरखाली झिजून जो भुगा निघेल तो पावसात कुठे जाणार, गटारातून खाडीतच ना?

फोंड्याचा_भाई: टायर पण झिजतातच की ताई, गाड्या बंद करायच्या का?

साइटवरचा: बसवा बापडे, पण ब्लॉकच्या स्ट्रेंथचा 28 दिवसांचा टेस्ट रिपोर्ट मागा, 7 दिवसांचा दाखवून गुंडाळतात.