तीस हजारांत घरचा एस्प्रेसो: पैसा ग्राइंडरवर घालावा की मशीनवर?

जुळे_सोलापूर:

गेल्या महिन्याभरात ओळखीच्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला: घरी एस्प्रेसो करायचा आहे, हाताशी तीस हजार रुपये आहेत, तर मशीन कोणते घ्यावे? तिघांनाही मी उलट विचारले, की त्यातले ग्राइंडरसाठी, म्हणजे कॉफीच्या बिया दळायच्या यंत्रासाठी, किती ठेवले आहेत. तिघांनीही शून्य असे उत्तर दिले, आणि एकाने तर मिक्सर आहे की घरात, असेही सुनावले. म्हणून हा धागा. माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाद घालणाऱ्यांची सोय होईल: तिसांपैकी बारा-तेरा हजार ग्राइंडरसाठी बाजूला काढावेत आणि उरलेल्यात जे मशीन बसेल ते घ्यावे. स्वस्त मशीनने निभावून नेता येते, स्वस्त ग्राइंडरने येत नाही.

एस्प्रेसो म्हणजे साधारण १८ ग्रॅम कॉफीच्या दाबून बसवलेल्या थरातून, ९ बारच्या आसपासच्या दाबाने, ९० ते ९६ अंश तापमानाचे पाणी २५ ते ३० सेकंदांत पार करून ३६ ग्रॅमच्या घरात पेय मिळवणे. यातला दाब आणि तापमान मशीन देते, परंतु पाण्याला तेवढे सेकंद अडवून धरण्याचे काम पुडीचे असते. पूड जाड असली तर पाणी दहा सेकंदांत सुसाट निघून जाते आणि हाती आंबट, पातळ पाणी येते. अति बारीक असली तर थेंब थेंब गळून कडू काढा होतो. मिक्सरचे पाते बी दळत नाही, फोडते. मी एकदा मिक्सरमध्ये केलेली पूड रव्याच्या चाळणीतून चाळून पाहिली, तर वर ज्वारीच्या कण्यांएवढे तुकडे राहिले आणि खाली मैद्यासारखी भुकटी पडली. अशा मिश्रणाचा थर कितीही दाबून बसवला, तरी बांधाला उंदराचे बीळ असावे आणि पाटाचे सगळे पाणी तिथूनच फुटावे, तशी गत होते: एका जागी कॉफी धुपून जाते आणि शेजारची कोरडी राहते. (आदल्या दिवशी त्याच भांड्यात शेंगाचटणी झाली असेल तर कॉफीला लसणाचा वास येतो, तो निराळाच.)

सोलापुरात हे समजावणे खरे तर सोपे असायला हवे. कडक भाकरी करणाऱ्या बाईला विचारा. पीठ जाडसर आले तर भाकरी थापतानाच कडेला चिरते आणि तिथे तवा कितीही भारी असला तरी काही उपयोग होत नाही. गिरणीवाला दगडाला वेळेवर टाकी का लावून घेतो, हे ज्याला कळते त्याला ग्राइंडरच्या पात्यांची किंमत कळायला हरकत नाही.

मशीनच्या खोक्यावर ‘१५ बार’, ‘२० बार’ असे ठळक छापलेले असते, त्याला भुलू नये. पाणी कुठेच वाहत नसताना पंप जास्तीत जास्त जेवढा दाब देऊ शकतो तो हा आकडा असतो. कॉफीला ९ पुरतात. ज्या मशीनमध्ये पंपच नाही, नुसत्या वाफेच्या जोरावर पाणी ढकलले जाते, ते मात्र घेऊ नये, कारण ते म्हणजे वायर लावलेला मोका पॉट (गॅसवर ठेवून वाफेच्या दाबाने कॉफी काढायचे भांडे) आहे. १९४८ साली गॅजियाची तरफेची मशीन येईपर्यंत इटलीतही कॉफी वाफेच्याच दाबाने निघत असे आणि तिच्यावर आज आपण ज्याला क्रेमा म्हणतो तो फेसाचा थर नसे.

हाताने फिरवायचा, पण एस्प्रेसोसाठी पुरेसे बारीक खटके (दळण जाड-बारीक करायच्या पायऱ्या) असलेला ग्राइंडर घ्यावा. किनग्राइंडर के६ चा एक खटका पात्यांमधले अंतर १६ मायक्रॉनने बदलतो. टाइममोर सी३ चा ईएसपी हा प्रकारही याच कामासाठी काढलेला आहे. साध्या ग्राइंडरचे खटके इतके ठोक असतात, की एका खटक्यावर शॉट (एका वेळी काढलेला एस्प्रेसो) १८ सेकंदांत संपतो आणि पुढच्यावर ४० सेकंद रडत बसतो. मधले काही सापडतच नाही.

सात_रस्ता:

आपले लिखाण अभ्यासपूर्ण आहे, पण ते एकट्याने काळी कॉफी पिणाऱ्या माणसाचे आहे, असे नम्रपणे सांगावेसे वाटते. आमच्या घरी पाच माणसे आहेत, पाचही जण दुधाची कॉफी पितात आणि त्यातले चौघे साखर घालतात. कपात दीडशे मिली म्हशीचे दूध गेल्यावर शॉट २४ सेकंदांचा होता की ३१ सेकंदांचा, हे ओळखणारा मनुष्य आमच्या घरात जन्माला यायचा आहे.

भाकरीचा दृष्टान्त आपण दिलात म्हणून त्याच दृष्टान्ताने उत्तर देते. माझी आजी पहाटे चारला उठून जात्यावर बसत असे आणि गल्लीत गिरणी आली त्या दिवशी तिने ते जाते उचलून परसात ठेवले. गिरणीच्या पिठाची भाकरी जात्याच्या पिठाइतकी गोड लागत नाही, असे ती शेवटपर्यंत म्हणत राहिली, पण पुन्हा जात्यावर बसली नाही. आपण तिला परत जात्यावर बसवायला निघाला आहात. हातग्राइंडरमध्ये १८ ग्रॅम बिया एस्प्रेसोइतक्या बारीक व्हायला मिनिट-दीड मिनिट लागते, हलक्या भाजणीच्या असल्या तर त्याहून अधिक. एका शॉटचे दोन कप केले तरी पाच कपांना तीन वेळा दळणे आले, आणि तेही सकाळी सातला, एका मुलाचा डबा आणि दुसऱ्याची रिक्षा सांभाळत. ‘घरी ताजे दळावे’ या वाक्याला कर्ता नाही, याकडे लक्ष वेधते. विजेचा ग्राइंडर घ्यायचा म्हटले, तर एस्प्रेसोला चालेल असा विजेचा ग्राइंडर घेतल्यावर आपल्या तिसांत मशीनसाठी फारसे काही उरत नाही.

दाब धरणारी दुहेरी तळाची बास्केट (मशीनमध्ये पूड भरायची छिद्रांची वाटी) याच परिस्थितीसाठी केलेली असते. तिच्या खालच्या तळाला एकच बारीक छिद्र असते, त्यामुळे पुडीने जो अडथळा करायचा तो बास्केट करते आणि बाजारातली दळलेली कॉफीही चालते. वर येणारा फेस खऱ्या क्रेमासारखा नसतो, हे मान्य. दूध ओतल्यावर तो दिसतही नाही. पैसा मशीनच्या वाफेवर घालावा, कारण पाच माणसांच्या घरात खरा वेळ दूध तापवण्यात जातो. आमचे आधीचे स्वस्त मशीन दुसऱ्या कपानंतर वाफेसाठी इतके थांबवायचे, की तिसऱ्या माणसाचे दूध मी गॅसवरच तापवत असे.

पूर्व_भाग:

दोघांनाही नमस्कार. आमचे घराणे मूळचे तेलंगणातले, चार पिढ्या सोलापुरात. घरात पितळेचा फिल्टर आहे, त्यात रात्री चिकोरी मिसळलेली पूड घालून गरम पाणी ओतले की सकाळी घट्ट डिकॉक्शन तयार असते. पाच काय, दहा माणसांना पुरते. ते एस्प्रेसो नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण सात रस्त्याच्या ताईंनी वर्णन केलेली कॉफी जर कोणाला हवी असेल, तर तीस हजारांतले एकोणतीस हजार वाचवण्याचा मार्ग उपलब्ध आहे, एवढे नोंदवून ठेवतो.

यंत्रमाग_दुरुस्ती:

मी अक्कलकोट रोडला मोटारी आणि घरगुती उपकरणे दुरुस्त करतो. कॉफी मला दोन्ही प्रकारची आवडते, त्यामुळे वादात न पडता एका तिसऱ्याच खर्चाकडे लक्ष वेधतो, ज्याचा दोघांनीही उल्लेख केलेला नाही. माझ्याकडे आलेली बहुतेक कॉफी मशीन पाण्याने बिघडलेली असतात.

ज्यांच्याकडे बोअरचे पाणी आहे त्यांनी गीझरची कॉइल एकदा उघडून पाहावी, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट मानला आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला आहे. ते माणसाच्या पोटासाठी ठीक आहे. पण छोट्या मशीनमध्ये पाणी थर्मोब्लॉकच्या, म्हणजे पाणी तापवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, काडीएवढ्या वाटेतून जाते आणि ती वाट अशा पाण्याने काही महिन्यांत चुन्याने भरत येते. गेल्या पावसाळ्यात एक मशीन आले होते. मालकांची तक्रार होती की पंप गेला. पंप धडधाकट होता, आत पांढरा खडू जमला होता आणि मी तो सुईने टोकरून काढला. नुसते आरओचे पाणी वापरणे हाही उपाय नव्हे, कारण क्षार अगदीच नसले की कॉफी सपक उतरते. कठीणपणा ४०० असेल तर एक भांडे नळाचे आणि तीन भांडी आरओचे पाणी मिसळले की तो शंभराच्या आसपास येतो, तेवढा पुरे. कठीणपणा मोजायच्या कागदी पट्ट्या स्वस्त मिळतात. शिवाय दर दोन-तीन महिन्यांनी, मशीनसोबतच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, चुना काढायचे द्रावण फिरवावे.

विजेबद्दलही सांगतो. यातली बरीच मशीन १,३०० ते १,४५० वॉटची असतात आणि २३० व्होल्टला १,४५० वॉट म्हणजे ६.३ अँपिअर, ओट्यावरच्या मिक्सरच्या लहान सॉकेटची क्षमता ६ अँपिअर. सॉकेट काळे पडल्यावर लोक मशीनला दोष देतात. मोठ्या १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावावे. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज २०० वर आले, की हीटरची ताकद जवळजवळ चौथ्या हिश्श्याने घटते. ताईंच्या मशीनची वाफ दम तोडत होती, त्यामागे हेही असू शकते. ताई, तेव्हा कधी व्होल्टेज मोजले होते का?

सात_रस्ता:

मोजले नव्हते. मशीन विकून टाकले, आता बोलून उपयोग नाही. सॉकेट मात्र लहानच होते, हे आपले वाचल्यावर आठवले.

जुळे_सोलापूर:

पाण्याचा मुद्दा माझ्याकडून राहून गेला, ही चूक कबूल करतो. एखाद-दोन हजार त्यासाठी वेगळे काढावेत, अशी माझ्या हिशेबात दुरुस्ती करून घ्यावी.

ताईंच्या आक्षेपाचे उत्तर द्यायचे म्हणून काल घरी एक प्रयोग केला. एकाच बियांचे तीन शॉट काढले: एक दुकानातून दळून आणलेल्या पुडीचा दुहेरी तळाच्या बास्केटमधून, दुसरा त्याच पुडीचा साध्या एकेरी बास्केटमधून, आणि तिसरा ताज्या दळलेल्या बियांचा एकेरी बास्केटमधूनच. तिन्हींत सारखे दूध घालून कपांखाली चिठ्ठ्या लावल्या आणि घरच्यांसमोर ठेवले. प्रामाणिकपणे सांगायचे तर पहिला आणि तिसरा कप कोणालाही वेगळा ओळखता आला नाही. सौभाग्यवतींनी तर पहिल्यालाच पसंती दिली. दूध न घालता मात्र चौघांपैकी तिघांनी तिसरा कप अचूक निवडला. तेव्हा दुधाच्या आणि साखरेच्या कॉफीपुरते ताईंचे म्हणणे मी मान्य करतो.

पण त्याच प्रयोगातला दुसरा कप ताईंच्या विरुद्ध साक्ष देतो. पुडीचे पाकीट मी दोन आठवड्यांपूर्वी फोडले, तेव्हा एकेरी बास्केटमधून शॉटला २७ सेकंद लागले होते, हे माझ्या वहीत आहे. काल तेवढीच पूड, तोच वजनकाटा, तोच टॅम्पर (पूड दाबायचा ठोकळा), आणि वेळ १९ सेकंद. भाजलेल्या बीमध्ये कोंडलेला वायू दळल्याबरोबर निघून जाऊ लागतो आणि पूड शिळी होत गेली की पाण्याला धरत नाही. हीच कॉफी मी ग्राइंडरवर दळत असतो तर दोन खटके बारीक करून परत २७ वर आलो असतो. पाकिटाला खटके नसतात. आज दुधाची कॉफी पिणारा उद्या काळी पिऊ लागेल तेव्हा त्याला ग्राइंडर घ्यावाच लागेल, आणि मशीन बदलले तरी तोच ग्राइंडर कामी येईल. उलट महागड्या वाफेचे मशीन घेतलेल्या माणसाच्या हाती त्या दिवशी काय असेल?

जात्याबद्दल एवढेच, की आमच्या घरात दळणारा कर्ता मीच आहे.

पूर्व_भाग:

प्रयोगात चौथा कप फिल्टरचा ठेवायला हवा होता.

सात_रस्ता:

उद्या काळी पिऊ लागेल, हे आपले गृहीतक आहे. माझे सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि तीन चमचे साखर घेतात. पण पाकिटाला खटके नसतात, हे मात्र मला खोडता आले नाही, कारण आमच्याकडेही महिन्याच्या शेवटी कॉफी पातळ लागते आणि आम्ही एक चमचा पूड वाढवून वेळ मारून नेतो. त्यावर माझा उपाय ग्राइंडर हा नसून लहान पाकीट हा आहे: अडीचशे ग्रॅमऐवजी शंभर ग्रॅम, भाजल्याची तारीख पाहून, आठवडाभरात संपेल एवढेच. तरीही एक प्रस्ताव मांडते. येत्या रविवारी आपण आपला ग्राइंडर घेऊन सहकुटुंब आमच्याकडे यावे. मशीन मी मोठ्या सॉकेटला लावून ठेवते, पाणी एकास तीन मिसळून ठेवते, बियाही मीच आणते. पाच कपांचे तिन्ही वेळचे दळण आपण करावे. पहिल्या कपापासून पाचव्यापर्यंत किती मिनिटे गेली, हे माझा मुलगा मोजेल आणि सोमवारी इथे लिहील.