क्रूसावर शिक्षा नेमकी कोणी कोणाला दिली?

पहाटतारा (मूळ धागा)

न्यायाधीशाचा दृष्टान्त तुम्ही ऐकला असेलच. गुन्हेगार पिंजऱ्यात उभा आहे, मरणदंड ठोठावला गेला आहे. मग न्यायाधीश आपल्या निरपराध मुलाला पुढे करतो आणि म्हणतो, शिक्षा याला द्या, तू सुटलास. संडे स्कूलमध्ये अकरा वर्षं मी हाच दृष्टान्त सांगत आले. यंदा उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आधी तो सांगायला घेतला आणि मध्येच अडखळले, कारण त्याच आठवड्यात नीतिसूत्रे १७:१५ वाचलं होतं. दुष्टाला निर्दोष ठरवणारा आणि नीतिमानाला दोषी ठरवणारा, दोघांचाही परमेश्वराला वीट आहे, असं तिथे सरळ म्हटलंय. म्हणजे ज्या न्यायाधीशाचा शास्त्राला वीट आहे, तोच मी मुलांना देव म्हणून दाखवत होते.

मला वाटतं, चूक त्या दृष्टान्तातल्या माणसांच्या संख्येत आहे. तिथे तिघं आहेत: न्यायाधीश, गुन्हेगार आणि मुलगा. शुभवर्तमानात पक्ष दोनच आहेत. देव ख्रिस्तामध्ये स्वतःबरोबर जगाचा समेट करत होता, असं प्रेषित पौल लिहितो (२ करिंथ ५:१९). ज्याच्याविरुद्ध अपराध झाला, त्यानेच तो सोसला. सावकार कर्ज माफ करतो तेव्हा तोटा त्याच्याच गाठीला बसतो. तेच कर्ज त्याने तिसऱ्याकडून वसूल केलं, तर ती माफी कसली?

कोर्टाचं हे चित्र ख्रिस्ती मंडळीच्या आरंभापासून असंच होतं, असंही नाही. पहिली कित्येक शतकं भर होता तो ख्रिस्ताने मरणावर मिळवलेल्या विजयावर. १०९८ च्या सुमारास अन्सेल्म या धर्मपंडिताने मांडलं की माणसाने देवाचा मान हिरावला आणि त्याची भरपाई देव-मानवच, म्हणजे देवही आणि माणूसही असलेला ख्रिस्तच, करू शकतो. शिक्षा आणि बदली यांची आजची मांडणी, म्हणजे आपली शिक्षा आपल्या जागी ख्रिस्ताने भोगली ही, १६व्या शतकातल्या प्रोटेस्टंट सुधारकांच्या काळात पक्की झाली, आणि त्यांच्यातल्या कॅल्विनचं शिक्षण कायद्याचं होतं. ३२५ आणि ३८१ च्या मंडळीच्या परिषदांतून आलेला मतांगीकार (श्रद्धेची जाहीर कबुली) 'आमच्यासाठी' वधस्तंभावर खिळला गेला एवढंच म्हणतो. कसं, त्याबद्दल गप्प आहे. मग हे एकच स्पष्टीकरण न मानणाऱ्याच्या तारणाविषयीच शंका का घेतली जाते?

खडक

ताई, अजिबात सहमत नाही. आणि कॅल्विन वकिली शिकला होता म्हणून त्याला कोर्ट दिसलं, हा युक्तिवाद फारच सोपा झाला.

यशया ५३, जुन्या करारातला दुःख सोसणाऱ्या सेवकाचा अध्याय, कॅल्विनने लिहिला नाही. तो आमच्या अपराधांमुळे घायाळ झाला, आमच्या शांतीसाठी त्याला शासन झालं, आम्हा सर्वांचं पाप परमेश्वराने त्याच्यावर लादलं. 'परमेश्वराने', हा शब्द तिथेच आहे. लेवीय १६ मध्ये प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे आहेत, एकाचं रक्त आत नेलं जातं आणि दुसऱ्याच्या डोक्यावर लोकांची पापं ठेवून त्याला रानात सोडतात. गलती ३:१३ म्हणतं, तो आमच्यासाठी शाप झाला. आणि 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' या येशूच्या क्रूसावरच्या आरोळीचं तुम्ही काय करणार?

आता जे सांगतो ते वादासाठी नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी गाडी चालवत असताना, माझ्या चुकीने, एका माणसाचा जीव गेला. कायद्याने दिलेली शिक्षा भोगली. बाहेर आल्यावर भेटेल तो सांगायचा की देव प्रेम आहे, तो तुला जवळ घेतो. ते ऐकून मला झोप आली नाही. मला माझ्यावर प्रेम नको होतं. त्या माणसाच्या जिवाला काही किंमत आहे, असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. 'तुझा दंड भरला गेला' हे ज्या दिवशी समजलं, त्या रात्री झोपलो. दंड काढून टाकलात, तर माझ्यासारख्याच्या हाती काय उरतं?

शोधक

मी ख्रिस्ती नाही आणि श्रद्धाळूही नाही, पण हे ग्रंथ वाचलेत.

दंडाची रक्कम दुसरा भरू शकतो. दोष दुसरा घेऊ शकत नाही. बापाच्या पापाचा भार मुलाने वाहायचा नाही, पाप करेल तोच मरेल, असं यहेज्केल १८:२० सांगतं. करावे तसे भरावे, हे कठोर असेल पण त्यात लबाडी नाही. आणि खुद्द येशूने सांगितलेल्या गोष्टीत उधळ्या मुलाचा बाप काय करतो? धावत जाऊन गळ्यात पडतो. थोरल्याला फटके मारून धाकट्याला घरात घेत नाही.

खडक, तुम्हाला दुखवायचं नाही, पण विचारतो. क्षमा करण्याचा पहिला हक्क त्या गेलेल्या माणसाच्या घरच्यांचा नाही का? त्यांना वगळून देवाने परस्पर हिशेब कसा मिटवला?

खडक

विचारलंत ते बरं केलंत. मी गेलो होतो त्यांच्याकडे. दार उघडलं, मला पाहिलं आणि लावून घेतलं. ते बरोबरच होतं. देवाकडची क्षमा मिळाली म्हणून त्यांचं देणं फिटलं, असं मी कधीच म्हटलेलं नाही. पण त्यांनी दार उघडलं नाही म्हणून मी जन्मभर पायरीवर बसून राहिलो असतो, तर त्यानेही त्यांना कोणी परत मिळालं नसतं.

पहाटतारा

खडक दादा, तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. 'त्या जिवाला किंमत आहे' हे तुमचं वाक्य मला पूर्ण मान्य आहे. पापाचं काही नाही, चालायचंच, असं क्रूस कधीच म्हणत नाही. ही बाजू माझ्या मूळ लेखात फारच पुसट झाली, ही माझी चूक.

पण त्या आरोळीबद्दल. ती स्तोत्र २२ ची पहिली ओळ आहे. तेच स्तोत्र पुढे २४व्या वचनात म्हणतं की त्याने पीडिताचा तिटकारा केला नाही, त्याच्यापासून आपलं तोंड लपवलं नाही, त्याने हाक मारली तेव्हा ऐकलं. 'पित्याने तोंड फिरवलं' हे आपण उपदेशांत आणि गीतांत इतकं ऐकलंय, की ते गुलगुथेच्या, म्हणजे क्रूस उभा केला त्या जागेच्या, वर्णनातच आहे असं वाटतं. चारही शुभवर्तमानं तपासून पाहा. नाही.

आणि यशया ५३ मध्ये 'परमेश्वराने लादलं' आहे, तसंच त्याआधी, चौथ्या वचनात, 'आम्ही त्याला देवाने मारलेला असा समजलो' हेही आहे. तो समज पाहणाऱ्यांचा होता.

खडक

चौथ्या वचनाबद्दल विचार करेन. पण दहावं? त्याला ठेचावं असं परमेश्वराच्या मर्जीस आलं. तेही पाहणाऱ्यांच्या समजात घालणार का?

तिसरा दिवस

दोघांच्याही चर्चेत शुक्रवारी दुपारी तीनलाच घड्याळ बंद पडलंय. ख्रिस्त उठला नसेल तर तुम्ही अजून आपल्या पापातच आहात, असं पौल म्हणतो (१ करिंथ १५:१७). सगळी शिक्षा मरणानेच चुकती होत असेल, तर पुनरुत्थान निव्वळ पुरवणी ठरतं. पूर्वेकडच्या मंडळ्यांनी हे कधी विसरू दिलं नाही. मरणाने मरणाला तुडवलं, असं त्या पुनरुत्थानाच्या सणाला गातात.

अथनासियस या बिशपने ४थ्या शतकात हे फार नेमकं मांडलंय. प्रश्न फक्त अपराधाचा असता, तर पश्चात्ताप पुरला असता. पण माणसाला नाशाची लागण झाली होती आणि लागण पश्चात्तापाने जात नाही. म्हणून जीवन स्वतःच देह घेऊन मरणात शिरलं. इथे तारण म्हणजे खटल्यातून सुटका कमी आणि रोगातून बरं होणं जास्त. त्याच शतकात नाझियान्झच्या ग्रेगरी या धर्मगुरूने विचारलं होतं, हे रक्त द्यायचं कोणाला? सैतानाला दिलं म्हणणं लाजिरवाणं. आणि पित्याला म्हणावं, तर ज्याने अब्राहामाकडून त्याच्या मुलाचा, इसहाकाचा, बळीही घेतला नाही, त्याला आपल्या एकुलत्या पुत्राचं रक्त कसं आवडेल?

खडक

ग्रेगरीचा प्रश्न चांगला आहे, पण मार्क १०:४५ मध्ये 'खंडणी' (सुटकेसाठी दिलेली किंमत) हा शब्द येशूच्याच तोंडी आहे. आणि रोगी माणूस निर्दोष असतो. मी रोगी नव्हतो, मी बेपर्वा होतो.

ओली माती

धाग्याच्या नावातला प्रश्न साधा आहे आणि त्याला साधं उत्तर आहे. शिक्षा रोमने दिली.

इ.स.पू. ७१ मध्ये स्पार्टाकसचं बंड मोडल्यावर अप्पियन मार्गाच्या कडेने सुमारे ६००० गुलाम क्रूसांवर टांगले होते. रोमन वक्ता सिसेरो म्हणे की रोमन नागरिकाच्या कानांवर हा शब्दही पडू नये. १९६८ मध्ये जेरुसलेमजवळच्या एका थडग्यात टाचेचं हाड सापडलं, लोखंडी खिळा अजून आरपार रुतलेला. आपल्या शास्त्रात 'वधस्तंभ' हा शब्द आहे, मला तो 'क्रूस'पेक्षा जवळचा वाटतो. क्रूस गळ्यात घालता येतो. वधस्तंभ म्हटलं की तो कशासाठी उभा केला होता हे विसरता येत नाही.

आणि आता माझं. नवरा मारायचा. ज्यांच्याकडे सल्ला मागायला गेले, ते धर्मसेवक म्हणाले, ख्रिस्ताने मुकाट्याने सोसलं, तूही आपला वधस्तंभ उचल. सहा वर्षं उचलला. सोसण्यातच तारण आहे, पित्यालाच ते हवं होतं, अशी शिकवण असेल, तर मार खाणाऱ्या बाईला तुम्ही दुसरं काय सांगणार?

खडक

ताई, तुमच्याशी जे झालं ते पाप होतं आणि तो सल्लाही पाप होता. पण तो सिद्धान्ताचा गैरवापर आहे. बदलीचा अर्थच हा, की ते एकदाच झालं, सर्वांसाठी झालं, आता ते कोणी पुन्हा भोगायचं नाही. हे तुम्हाला कोणी सांगितलं असतं, तर तुम्ही पहिल्या वर्षीच बाहेर पडला असता.

ओली माती

असं कोणी सांगितलं नाही. पण तुमचं हे म्हणणं मी लिहून ठेवलंय.

पहाटतारा

ओली माती, 'माझा जीव कोणी माझ्यापासून घेत नाही, मी तो आपण होऊन देतो' असं येशू म्हणतो (योहान १०:१८). तुमच्याकडून तो घेतला जात होता. या दोन गोष्टींना एकच नाव देणाऱ्याला क्रूस कळलेला नाही, मग तो कोणत्याही व्यासपीठावर उभा असो.

खडक दादा, 'एकदाच, सर्वांसाठी' ही ताकद तुमच्या मांडणीत आहे, हे मला आज पहिल्यांदा दिसलं. तरीही न्यायाधीशाचा दृष्टान्त मी पुन्हा सांगणार नाही. येत्या रविवारी वर्गात लूक २३ वाचणार आहे, शेजारच्या क्रूसावरच्या त्या अपराध्याचा भाग. तो स्वतःच म्हणतो की आपली शिक्षा न्यायाने झाली, आपण आपल्या कृत्यांचं फळ भोगतोय. मग म्हणतो, माझी आठवण कर.

शोधक

त्याच्या हातून कोणाचं काय गेलं होतं, ते लूक सांगत नाही. तुम्ही वर्गात सांगाल का?

पहाटतारा

विचारेन. मुलांनाच विचारेन.

खडक

आत्ता तो भाग काढून वाचला. दंड हा शब्द मी सोडणार नाही. पण त्याला 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील' हे वचन मिळालं, आणि तरी क्रूसावरून खाली उतरवलं नाही. हे इतकी वर्षं वाचूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.