क्लोरीन ३५.५ म्हणजे अर्धा न्यूट्रॉन का?

पेडणे_नववी:
आगरवाड्याच्या मिठागरातलं मीठ घेऊन नववीला अणुरचना शिकवायची आहे. मुलं दोन ठिकाणी अडतात. क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.५, मग अर्धा न्यूट्रॉन कुठला? आणि क्लोराइड आयनाला क्लोरीनचं समस्थानिक का म्हणायचं नाही?

रसायन_फोंडा:
३५.५ ही सरासरी आहे, तेवढ्या वस्तुमानाचा एकही क्लोरीन अणू नसतो. निसर्गात शंभरातले साधारण ७६ अणू ३५ अणुवस्तुमानांकाचे (अणुवस्तुमानांक म्हणजे प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन), २४ अणू ३७ चे. फळ्यावर मांडा: (७६×३५ + २४×३७) ÷ १०० = ३५.४८. काटेकोर आकडा ३५.४५ येतो, कारण दोघांची खरी वस्तुमानं ३५ आणि ३७ पेक्षा किंचित कमी आहेत. मुलं ३५.५ मधून क्लोरीनचे १७ प्रोटॉन वजा करून १८.५ न्यूट्रॉन लिहितात, तिथेच थांबवा. वजाबाकी अणुवस्तुमानांकातूनच: ३५−१७=१८, ३७−१७=२०.

मुरगाव_प्रयोगशाळा:
आधी प्रोटॉन मोजायला लावा. १७ असले की क्लोरीनच, बाकी काहीही बदलो. न्यूट्रॉन बदलले तर समस्थानिक, इलेक्ट्रॉन बदलले तर आयन. मिठात सोडियमकडे ११ प्रोटॉन, १० इलेक्ट्रॉन. क्लोराइडकडे १७ प्रोटॉन, १८ इलेक्ट्रॉन. 'सोडियमला धन प्रभार आला म्हणजे प्रोटॉन वाढला' असं हमखास लिहून येतं. रासायनिक अभिक्रियेत केंद्रकाला धक्काच लागत नाही, हे मुलांच्या मनात पक्कं बसायलाच हवं.

बरं, दोन्ही गोष्टी एकाच कणात असतात. त्याच मिठात ३५ चाही क्लोराइड आयन आहे आणि ३७ चाही.

पेडणे_नववी:
हे वर्गात दाखवता येईल?

मुरगाव_प्रयोगशाळा:
आयन दाखवता येतो. चिमूटभर मीठ ५ मिली ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा, विरल नायट्रिक आम्लाचे दोन थेंब घाला, मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन-तीन थेंब. दह्यासारखा पांढरा साका येतो. नळाचं पाणी वापरू नका, त्यातल्या क्लोराइडनेही पाणी गढुळतं. शेजारी नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्याची परीक्षानळी ठेवा, तिच्यातही तेच थेंब घाला, ती स्वच्छ राहिली पाहिजे. हातमोजे घाला, सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग कातडीवर बरेच दिवस राहतात.

समस्थानिकं मात्र यात वेगळी होत नाहीत. दोन्हींची इलेक्ट्रॉन रचना सारखीच, त्यामुळे दोन्ही क्लोराइड साक्यात उतरतात. ती वेगळी ओळखायला वस्तुमान वर्णपटमापी, म्हणजे कण वस्तुमानानुसार वेगळे करणारं उपकरण, लागतो.