नगरसेविकेच्या मासिक निवेदनात काय लिहावं? भांडुपच्या टेकडीवरून विचारते आहे

टेकडीवरची_वैशाली

नमस्कार. मी भांडुप पश्चिमेला टेकडीवरच्या वस्तीत राहते आणि आमच्या बचत गटाचा हिशेब बघते. मुंबई महापालिकेच्या जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत आमच्या प्रभागातून निवडून आलेल्या ताईंनी ठरवलंय की दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी वस्तीत यायचं, महिन्याभरात काय झालं ते तोंडी सांगायचं आणि एक छापील पान वाटायचं. ते पान लिहायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलंय.

मला हे काम मनापासून आवडलंय. मार्च २०२२ मध्ये आधीच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि नंतर जवळजवळ चार वर्षं पालिकेचा कारभार प्रशासकांकडे होता. आमच्याकडच्या वीस-बावीस वर्षांच्या मुलांनी यंदा पहिल्यांदाच पालिकेसाठी मत दिलं. नगरसेवकाकडे काय मागायचं आणि आमदाराकडे काय, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. रेशनकार्डापासून रेल्वेच्या पुलापर्यंत सगळं ताईंनाच विचारतात.

आता अडचण सांगते. ताईंच्या ऑफिसातून मला कामांची यादी आली. गटारावरच्या लाद्या: पाठपुरावा सुरू. सार्वजनिक शौचालयाचे दरवाजे: पत्र दिले. वरच्या आळीचं पाणी: बैठक घेतली. संरक्षक भिंत: मागणी केली. सोबत नारळ फोडल्याचे फोटो. हे मी आमच्या बायकांसमोर वाचलं तर पहिला प्रश्न येणार, "वैशाली, मग पाणी कधी?" आणि माझ्याकडे उत्तर नसणार.

मला विचारायचंय ते हे. अर्धवट असलेलं काम लोकांना कळेल असं कसं लिहायचं? जे पालिकेच्या हातातलंच नाही, ते पानावर घ्यायचं का? आणि जे झालं नाही ते लिहायचं की नाही? कार्यकर्ते म्हणतात, लिहिलंत तर विरोधक तेच पान घेऊन फिरतील. मला वाटतं लिहावंच. पण पालिकेत काम केलेल्या किंवा असं पान काढलेल्या कोणाचं मत हवंय.

निवृत्त_दुय्यम_अभियंता

वैशालीताई, माझी नोकरी पालिकेत परिरक्षण आणि नंतर जलकामे खात्यात झाली. तुमच्या पहिल्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण तिथेच लोकांची सगळ्यात जास्त फसगत होते.

"पाठपुरावा सुरू" हे शब्द पानावरून काढून टाका. पालिकेचं कोणतंही काम ठरलेल्या टप्प्यांतून जातं: जागेची पाहणी, अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा, कार्यादेश (कंत्राटदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश), प्रत्यक्ष काम. प्रत्येक कामापुढे ते आज कोणत्या टप्प्यावर आहे एवढंच लिहा. अंदाजपत्रकावर असेल तर या महिन्यात घमेलं घेऊन कोणी येणार नाही हे लोकांना कळतं, ते उगाच वाट बघत नाहीत. कार्यादेश निघाला असेल तर कंत्राटदार कोण, मुदत कधीपर्यंत, हे विचारायचा हक्क त्यांना मिळतो. आणि काम संपलं की तिथे थांबू नका. दोषदायित्व कालावधी कधी संपतो ती तारीख लिहा. त्या तारखेच्या आत लादी खचली, पायरी उखडली, तर दुरुस्ती कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते. ही तारीख रहिवाशांना माहीत नसते, म्हणून त्याच कामावर पुन्हा पालिकेचा पैसा जातो.

पाण्याबद्दल. तुमच्याकडे सगळ्यांना वाटत असणार की जलशुद्धीकरण केंद्र भांडुपलाच, मग पाणी का चढत नाही? केंद्र जवळ असून उपयोग नसतो. नळ हा सेवा जलाशयाच्या, म्हणजे वस्तीला पाणी सोडणाऱ्या मोठ्या टाकीच्या, पातळीपेक्षा उंचावर असला की पंपाशिवाय इलाज नाही. आणि उंची बेताची असली तरी चावीवाल्याने, म्हणजे लाइनचा व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडणाऱ्या माणसाने, चावी उघडल्यावर आधी खालची घरं भरतात, त्यातल्या काहींनी थेट लाइनला मोटार लावलेली असते, आणि वरच्या आळीत पाणी पोचेस्तोवर चावी बंद व्हायची वेळ होते.

म्हणून पानावर "पाणी कमी येते" असं लिहू नका. दोन वेळा लिहा: चावी किती वाजता उघडली आणि सगळ्यात वरच्या नळाला पाणी किती वाजता आलं. आठवडाभर दोन घरांनी वहीत नोंद केली तरी पुरे. अंतर रोज सारखं असेल तर दोष दाबाचा किंवा उंचीचा. एखाद्या दिवशी अचानक वाढलं तर गळती किंवा मोटार. जलकामे खात्याच्या अभियंत्यापुढे ताईंनी ही वही ठेवली की त्याला तपास कुठून सुरू करायचा ते कळेल. गोलमोल तक्रारीवर त्याला काहीच करता येत नाही, हे मी त्या खुर्चीत बसून पाहिलंय.

पाणी गढूळ आलं किंवा वास आला तर पुढच्या रविवारची वाट बघू नका. त्याच क्षणी पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर तक्रार करून तक्रार क्रमांक घ्या. क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

मुलुंडची_माहितीवाली

तुमचा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. पालिकेच्या हातात नसलेलंही पानावर घ्याच, पण त्यापुढे कोणाकडे जायचं ते लिहा. भांडुपमध्ये वीज महावितरणची आहे, बेस्टची नाही. रेल्वेच्या हद्दीतला नाला रेल्वेचा. पूर्व द्रुतगती महामार्ग २०२२ च्या अखेरीस एमएमआरडीएकडून (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) पालिकेकडे आला, त्यामुळे त्यावरचे खड्डे आता पालिकेलाच विचारायचे. रेशनकार्ड शिधावाटप कार्यालयाचं.

आणि संरक्षक भिंत. याबाबत "मागणी केली" एवढ्यावर भागवू नका, ताई. १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूरच्या भारतनगरात आणि विक्रोळीच्या सूर्यनगरात पावसात भिंत आणि दरड कोसळून माणसं गेली, ते टेकडीवरच्या माणसांना सांगायला नको. झोपडपट्टीतल्या उतारावर भिंत बांधायचं काम अनेक ठिकाणी म्हाडाच्या मुंबई झोपडपट्टी सुधार मंडळाकडे असतं. जमीन जिल्हाधिकाऱ्यांची, वनखात्याची की खाजगी, त्यावर परवानगी कोणाची हे ठरतं. म्हणून पानावर तीन गोष्टी हव्यात: जमीन कोणाची, पत्र कोणत्या कार्यालयाला कोणत्या तारखेला गेलं, आणि भिंत होईपर्यंत पावसात रात्री कुठल्या घरांनी कुठे जायचं. तिसरी गोष्ट सगळ्यात ठळक अक्षरात. आसरा शाळेत असेल तर शाळा उघडायची किल्ली कोणाकडे आहे तेही लिहा.

पैशाचंही एक सांगते. पालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं. एवढा आकडा ऐकून आपल्या गल्लीबद्दल काहीच कळत नाही. ताईंच्या निधीतून या महिन्यात आपल्या प्रभागात कोणत्या कामाला किती रक्कम लागली, एवढंच द्या. मंजूर रक्कम आणि खर्च झालेली रक्कम वेगवेगळी. ऑफिसातून मिळत नसेल तर माहिती अधिकार कायदा आहेच, पण त्या कायद्याचं कलम ४ सांगतं की अशी माहिती कोणी मागायच्या आधी स्वतःहून जाहीर करायची. तुमच्या ताई तेच करत आहेत, याचं मला खरंच कौतुक वाटतं. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आल्या, २००९ मध्ये राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभेचीही, म्हणजे प्रभागातल्या छोट्या भागाच्या मतदारांच्या सभेची, तरतूद झाली. गावात ग्रामसभेत सरपंचाला उभं करून विचारतात, तसं शहरात विचारायची जागा असावी हा त्यामागचा हेतू. तुमचा रविवार त्या हेतूच्या फार जवळ जातो.

परळचा_रहिवासी

मला हे पटत नाही. लोकांनी निवडून दिलंय, मानधन त्यांना मिळतं, मग पान तुम्ही का लिहायचं? उद्या त्यावर पक्षाचं चिन्ह येईल आणि तुम्ही प्रचारक ठराल. नगरसेवकाचं काम प्रभाग समितीत हरकतीचा मुद्दा मांडणं, सभागृहात प्रश्न विचारणं. त्याचा हिशेब द्या म्हणावं. गटारावरच्या लादीचा हिशेब वॉर्ड ऑफिसने द्यावा.

टेकडीवरची_वैशाली

परळचे दादा, तुमची शंका रास्त आहे. मी ताईंना पहिल्याच दिवशी सांगितलं की पानावर चिन्ह नको आणि कोणाचा फोटो नको, आणि त्या हो म्हणाल्या. सभागृहात त्यांनी काय विचारलं तेही लिहायचा तुमचा मुद्दा मी घेते, तो माझ्या यादीत नव्हता. पण लादी सोडा असं मला म्हणता येणार नाही. आमच्याकडे त्या गटारावरून पोरं शाळेत जातात. ज्या बाईला सभागृह कुठे आहे ते माहीत नाही, ती लादीवरूनच ठरवणार की मत देऊन उपयोग झाला की नाही.

आरोग्य_स्वयंसेविका

ताई, माझी विनंती फक्त एवढीच की पानाची एक बाजू पुढच्या महिन्यासाठी ठेवा. सगळे झालेल्या शिबिराचे फोटो छापतात, होणाऱ्या लसीकरणाची तारीख कोणी छापत नाही. मी घरोघर फिरते तेव्हा आया म्हणतात, "काल होतं होय? आम्हाला कोण सांगणार?" आरोग्य केंद्रात लसीकरण कोणत्या वारी, पालिकेचा 'आपला दवाखाना' किती वाजेपर्यंत उघडा, तिथे रक्ताच्या चाचण्या मोफत होतात, हे दर महिन्याला पुन्हा लिहा. नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाला ते नवीनच असतं.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करा, हेही लिहा. घरी किंवा गावाला बाळंतपण झालं की ही नोंद राहून जाते आणि मग शाळेच्या दाखल्याच्या वेळी आई-बाप रडकुंडीला येतात.

जूनच्या पानावर लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून होणारा ताप) ठळक द्या. साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्या माणसाने ७२ तासांच्या आत दवाखान्यात जाऊन डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळी घ्यायची. पायाला जखम असेल तर अजिबात थांबायचं नाही. आमच्याकडे लोक ताप अंगावर काढतात, कामाचा खाडा नको म्हणून. आणि ड्रमांवर झाकण. वरच्या आळीत पाणी कमी येतं म्हणूनच लोक ड्रम भरून ठेवतात, आणि डेंग्यूचा डास त्याच स्वच्छ पाण्यात होतो. पाण्याचा विषय आणि तापाचा विषय पानावर शेजारी-शेजारी छापा.

टेकडीवरची_वैशाली

सगळ्यांचे आभार. रात्री बसून पाण्याचा मजकूर नव्याने लिहिला. ताईंना दाखवायच्या आधी इथे टाकते:

"वरच्या आळीचं पाणी: अजून सुटलेलं नाही. जलकामे खात्याची पाहणी झाली, अंदाजपत्रक व्हायचं आहे. वरच्या आणि खालच्या आळीतली दोन घरं आठवडाभर पाण्याची वेळ लिहिणार आहेत, ती वही ताई स्वतः अभियंत्यांना देतील. ज्यांनी लाइनला थेट मोटार लावली आहे त्यांना विनंती, चावी चालू असताना मोटार बंद ठेवा, वर म्हाताऱ्या माणसांना हंडा घेऊन खाली उतरावं लागतं. ड्रम झाकून ठेवा, आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामे करून घासा."

"अजून सुटलेलं नाही" हे शब्द कार्यकर्त्यांना खटकतील. मी ते काढणार नाही.

निवृत्त_दुय्यम_अभियंता

काढू नका. फक्त पाहणी कोणत्या तारखेला झाली ते घाला आणि अंदाजपत्रकाची विचारणा ताई पुन्हा कधी करणार ती तारीखही. वही लिहिणारी घरं निवडताना खालचं घर चावीच्या अगदी जवळचं घ्या आणि वरचं शेवटच्या नळाचं, नाहीतर आकडे अभियंता मान्य करणार नाही. दोन्ही घरांच्या घड्याळांची वेळ आधी जुळवून घ्या.