मदत हवी आहे : सीलबंद टीव्ही दुकानदार परत घेईल का?

नमस्कार मंडळी. इंदूरच्या जेल रोडवरच्या एका दुकानातून आई-बाबांसाठी ६५ इंची टीव्ही घेतला, क्रेडिट कार्डावर, ईएमआय करून. खोकं रामबागेतल्या घरी आलं आणि बाबा ठाम नाही म्हणाले. खोली लहान, बसायची जागा भिंतीपासून जेमतेम सात फुटांवर, त्यात त्यांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. त्यांचं म्हणणं मलाही पटलं. खोकं उघडलेलंच नाही, पट्ट्या आणि सील जशीच्या तशी आहेत.

दुकानदार पैसे द्यायला तयार नाही. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलंय, 'बिका हुआ माल वापस नहीं होगा'. फार तर क्रेडिट नोट देतो म्हणतो, पण तेवढ्या किमतीचं दुसरं काही आम्हाला नकोच आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मी वाचला. सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही त्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर मुदत नसेल तर ३० दिवस धरतात. पण आमचा टीव्ही सदोष नाही, नुसता विचार बदललाय, म्हणून हे कलम आम्हाला लागू होत नाही असं दिसतं.

असा सीलबंद माल देऊन कुणी पैसे परत मिळवलेत का? थोडी कपात मान्य आहे. व्यवहार रद्द झाला तर ईएमआयचं प्रोसेसिंग शुल्क बँक परत करते का? १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर अशा प्रकरणात मध्यस्थी होते का? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा. बाबांना फार चुटपुट लागली आहे.