चाहूल फक्त कानालाच लागते का?

प्रश्न : मुलांसाठी कीटकांवर लिहितेय. त्यात एक वाक्य आलं, ‘अंधारातही पतंगाला फुलाच्या हलण्याची चाहूल लागते.’ आई म्हणाली, चाहूल कानाला लागते, डोळ्यांना नाही. मग ‘हालचाल टिपतो’ लिहू का?

उत्तर : मूळ अर्थ धरला तर आईंचं बरोबर आहे. चाहूल म्हणजे आधी कोणी येत असल्याचा बारीकसा आवाज. पण पावसाची, थंडीची चाहूल आपण सर्रास म्हणतो, तिथे कान कुठे असतो? शब्द ठेवाच, क्रियापद बदला. चाहूल लागते ती आपोआप. घ्यायची तर थबकून दम धरावा लागतो. काळोखात पतंग तेच करतो. उजेड इतका तुटपुंजा की नेत्रिकांवर, म्हणजे त्याचा डोळा ज्या असंख्य बारीक डोळ्यांचा बनलेला असतो त्यांवर, प्रकाशाचे कण सुटेसुटे पडतात. मग शेजारच्या नेत्रिकांची जमा एकत्र करायची आणि जरा जास्त वेळ थांबून साठवायची. बारकावे पुसट होतात, प्रतिसादही रेंगाळतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या प्रयोगात हॉकमॉथ पतंगापुढे यंत्राने हलणारं फूल धरलं होतं. अंधूक उजेडात जलद हेलकाव्यांना तो मागे पडला; पण खरी फुलं वाऱ्यावर डोलतात ती सेकंदाला २ हेलकाव्यांच्या आतच, आणि तेवढं त्याला छान जमलं. रातराणीपाशी तिन्हीसांजेला उभ्या राहा. फांदी हलली की पतंग फुलातली सोंड बाहेर न काढता तसाच हवेत फुलाबरोबर सरकतो.

‘टिपणे’ मात्र दाणे टिपण्यातलं. एकेक प्रकाशकण उचलायला तो शब्द फार चपखल आहे, तिथे जरूर वापरा.

आणखी एक : भुंग्यालाही लेखात घ्या! भीमाशंकरच्या अभयारण्यात रात्री उडणारा मोठा भुंगा आहे, शास्त्रीय नाव झायलोकोपा ट्रँक्विबारिका. संशोधक हेमा सोमनाथन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं की नुसत्या चांदण्यांच्या उजेडातही तो घराजवळची खूण रंगावरून ओळखतो. डोळ्यांची घडण दिवसा फिरणाऱ्या मधमाशीचीच, फक्त डोळे मोठे. आपल्याला त्या उजेडात सगळं करडं दिसतं. त्यामुळे ‘अंधारात चाचपडतो’ असं त्याच्याबद्दल लिहू नका, ते खोटं होईल.

प्रश्नकर्ती : वाक्य असं केलं, ‘पतंग प्रकाशाचे कण टिपतो आणि फुलाच्या डोलण्याची चाहूल घेतो.’ आईला वाचून दाखवलं. ‘घेतो’ तिला पटलं. भुंग्याचा परिच्छेद आज रात्री लिहिते.