नवा बोगदा खणण्याआधी हातातल्या टकरी नीट चाळा

सायनकर

हिग्ज बोसॉन हा मूलकण सापडल्याचं ४ जुलै २०१२ रोजी जाहीर झालं. तेव्हापासून जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या एलएचसी या वर्तुळाकार त्वरकातली (कणांना वेग देणाऱ्या यंत्रातली) प्रोटॉन-टकरीची ऊर्जा ८ टीईव्हीवरून १३.६ टीईव्हीवर गेली (टीईव्ही हे कणांच्या ऊर्जेचं एकक, वस्तुमानही त्यातच सांगतात), टकरींची संख्या कितीतरी पटींनी वाढली, तरी ज्याला नवा मूलकण म्हणावा असं काही हाती लागलेलं नाही. सत्तरहून जास्त नवे हॅड्रॉन, म्हणजे क्वार्कांचे बनलेले कण, सापडले, २०१५ मध्ये चार क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क असलेला पेंटाक्वार्क सापडला, पण या सगळ्या ओळखीच्याच क्वार्कांच्या नव्या जुळण्या. प्रत्येक ज्ञात कणाला एक जोडीदार कण असतो असं मांडणाऱ्या सुपरसिमेट्रीवाल्यांनी ज्या ग्लुइनोची (क्वार्कांना बांधणाऱ्या ग्लुऑनच्या जोडीदाराची) इतकी खात्री दिली होती, त्याचा २ टीईव्ही वस्तुमानापर्यंत मागमूस नाही.

आता सर्नचा पुढचा प्रस्ताव आहे एलएचसीच्या २७ किलोमीटरऐवजी सुमारे ९१ किलोमीटरच्या वर्तुळाचा. पहिल्या टप्प्यात इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांच्या टकरी, खर्च १५ अब्ज स्विस फ्रँकच्या आसपास. प्रोटॉनांची पाळी यायला २०७० चं दशक उजाडेल. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, तेव्हा आज ना उद्या आपल्यालाही विचारणा होणार.

माझं मत असं की आपण घाईने हो म्हणू नये. पैसा वाया जातो म्हणून नव्हे. मी माटुंग्याला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो आणि नवा कण सापडावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण आपण शोधतो कसं, ते बघा.

एलएचसीत सेकंदाला ४ कोटी वेळा प्रोटॉनांचे पुंजके एकमेकांतून जातात आणि दर खेपेला पन्नास-साठ टकरी होतात. एवढं साठवायची सोय जगात कुठेच नाही. म्हणून सीएमएसमधली (एलएचसीवरच्या एका मोठ्या डिटेक्टरमधली, म्हणजे कण टिपणाऱ्या यंत्रातली) पहिली चाळणी, लेव्हल-वन ट्रिगर, ४ मायक्रोसेकंदांच्या आत निवाडा करते. ४ कोटींतून लाखभर उरतात. मग संगणकांची दुसरी चाळणी, तिच्यातून काही हजार. बाकीचं कायमचं गेलं. भाऊच्या धक्क्यावर होडी लागल्यावर भराभर निवड करताना बाजारात खपणारी मासळी टोपलीत आणि अनोळखी काही निघालं तर पाण्यात, तसला हा प्रकार. चाळणीची भोकं ठरवली कोणी? सिद्धांतांनी. जोरकस म्यूऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद) ठेवा, भरपूर ऊर्जेचे जेट (एकाच दिशेने निघालेले कणांचे झोत) ठेवा. पण जो कण जन्मल्यावर मीटरभर पुढे जाऊन फुटतो, किंवा ज्याची ऊर्जा मुळात थोडी आणि तीही ढीगभर कणांत विखुरते, तो या भोकांतून सहज निसटू शकतो.

म्हणून आधी ट्रिगर सुधारायला पैसा आणि माणसं द्या. प्रत्येक घटनेचा, म्हणजे टकरीच्या नोंदीचा, पूर्ण तपशील ठेवता येत नसेल तर त्रोटक नोंद ठेवून जास्त घटना वाचवायची पद्धत, डेटा स्काउटिंग, सीएमएसने वापरली आहे, ती वाढवा. फेझरसारखे छोटे प्रयोग करा. ॲटलास या एलएचसीवरच्या दुसऱ्या मोठ्या डिटेक्टरपासून ४८० मीटरवर एका जुन्या बोगद्यात, दुसऱ्या प्रयोगांचे शिल्लक सुटे भाग वापरून तो उभा राहिला आणि २०२३ मध्ये त्याने टकरींतून निघालेले न्यूट्रिनो, म्हणजे पदार्थातून सहसा आरपार जाणारे कण, पकडून दाखवले.

परळकर

मी तर म्हणतो हेही नको. हिंगोलीच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर झाले, ते काम आधी तडीस न्या. तामिळनाडूतल्या थेनीची न्यूट्रिनो वेधशाळा २०१५ मध्ये मंजूर होऊनही अडकून पडली. एकेकाळी कोलारच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, आपली माणसं प्रयोग करत होती. १९६५ मध्ये वातावरणातले न्यूट्रिनो तिथेच दिसले आणि त्यात मुंबईची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) होती. घरचा प्रयोग बंद पडायचा आणि जिनिव्हाच्या प्रयोगात आपण वाटेकरी व्हायचं, हे मला पटत नाही.

दादरचा संख्याशास्त्री

सायनकर सर, सिद्धांत बाजूला ठेवून शोधा हे म्हणणं सोपं आहे, पण त्याची किंमत आकड्यांत मोजावी लागते आणि ती तुम्ही सांगितलेली नाही.

शोध जाहीर करायला पाच सिग्मा लागतात, म्हणजे निव्वळ योगायोगाने आलेखात तेवढा उंचवटा दिसायची शक्यता साधारण ३५ लाखांत एक. पण हा हिशेब एकाच, आधी ठरवलेल्या जागी बघितलं तरच लागू. हजार ठिकाणी डोकावलात तर एखादा तीन सिग्माचा उंचवटा कुठेतरी मिळणारच. डिसेंबर २०१५ आठवा. दोन फोटॉनांच्या (प्रकाशकणांच्या) नोंदींत ७५० जीईव्हीपाशी (जीईव्ही म्हणजे टीईव्हीचा हजारावा भाग) ॲटलासला उंचवटा दिसला, सीएमएसलाही त्याच जागी थोडासा. ॲटलासचा आकडा साडेतीन सिग्माच्या वर होता. मात्र वस्तुमानाचा केवढा मोठा पट्टा चाळला हे हिशेबात धरलं की तो दोनच्या आसपास येत होता, आणि हे दोन्ही आकडे पहिल्याच दिवशी समोर होते. तरी काही महिन्यांत शेकडो शोधनिबंध आले. ऑगस्ट २०१६ मध्ये शिकागोच्या परिषदेत जास्तीचा डेटा मांडला गेला आणि उंचवटा नाहीसा झाला.

हिग्ज सापडला तो सिद्धांतामुळेच. साधारण अब्ज टकरींत एकदा तो जन्मतो. तो दोन फोटॉनांत कसा फुटेल, चार लेप्टॉनांत (इलेक्ट्रॉन किंवा म्यूऑनांत) कसा फुटेल, किती वेळा फुटेल, हे सगळं आधी माहीत होतं. वस्तुमान तेवढं माहीत नव्हतं. म्हणून १२५ जीईव्हीजवळचा एवढासा उंचवटा दोन्ही प्रयोगांना खात्रीने उचलता आला. तुमच्या म्हणण्याप्रमाणे शोध सगळीकडे पसरवला तर प्रत्येक जागेचं वजन घटेल, आणि खरा कण समोर असूनही 'योगायोग असेल' म्हणून सोडून द्यावा लागेल.

सायनकर

तुमचं गणित मला मान्य आहे, पण ते विश्लेषणाला लागू पडतं. माझा मुद्दा त्याच्या आधीच्या पायरीचा आहे. साठवलेल्या घटनेला दहा वर्षांनीसुद्धा नेमका प्रश्न विचारता येतो आणि तुमचा सिग्मा तेव्हा काटेकोर मोजता येतो. ट्रिगरने फेकलेल्या घटनेला काय विचारणार? शिवाय हे काही हवेतलं बोलणं नाही. २०२४ पासून सीएमएसच्या पहिल्या चाळणीतच एक न्यूरल नेटवर्क बसवलेलं आहे. कुठला कण हवा हे त्याला सांगितलेलंच नसतं. नेहमीच्या टकरी कशा दिसतात हे ते शिकतं आणि वेगळी दिसेल ती घटना राखून ठेवायला सांगतं.

खारघरहून

सर, एक बाजू सुटली असं वाटतं. आमच्याकडे टाटा मेमोरियलच्या केंद्रात २०२३ पासून कर्करोगाच्या रुग्णांना प्रोटॉनचे उपचार मिळतात. माझ्या नात्यातलं एक लहान मूल तिथे उपचार घेतंय. पाठीच्या कण्याजवळची गाठ आहे, आणि प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर थांबतो म्हणून पुढचे अवयव वाचतात असं डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. हे त्वरक कणांच्या शोधापायीच बनले ना?

सायनकर

मूल लवकर बरं होवो. ते केंद्र मुंबईसाठी फार मोलाचं आहे. पण तिथल्या प्रोटॉनची ऊर्जा जास्तीत जास्त २३० एमईव्हीच्या (एमईव्ही म्हणजे जीईव्हीचा हजारावा भाग) आसपास, आणि ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्येच मांडली होती. त्यासाठी ९१ किलोमीटर लागत नाहीत. असं दुसरं केंद्र हवं असेल तर त्यासाठी थेट पैसे मागावेत. कणाचा शोध कणासाठीच करायचा, आणि तेवढ्यावरच त्याचं समर्थन व्हायला हवं.

नेव्हीनगरची

पीएचडी टीआयएफआरमध्ये केली, त्यामुळे मला या चर्चेत उपकरण कुठेच दिसत नाही हे खटकतंय.

सीएमएसचं चुंबक म्हणजे प्रचंड मोठं वेटोळं आणि ऊर्जा मोजणारे थर त्याच्या आत. आत जागा मर्यादित, म्हणून मधल्या भागात हॅड्रॉनांच्या वर्षावाचं (हॅड्रॉन थरांत आदळल्यावर उसळणाऱ्या कणांच्या सरीचं) शेपूट वेटोळ्याबाहेर निसटतं. ते पकडायला बाहेरच्या बाजूने प्लास्टिक सिंटिलेटरचा (कण गेला की चमकणाऱ्या प्लास्टिकचा) थर लावला आहे, त्याच्या फरश्यांचं काम कुलाब्यात टीआयएफआरमध्ये झालं. सेंटीमीटरभर जाडीची फरशी, तिच्यात कोरलेली खाच, खाचेत प्रकाश वाहून नेणारा बारीक तंतू, आणि वरून असं वेष्टन की बाहेरचा उजेड कणभरही आत जाऊ नये. एवढा खटाटोप का? कृष्णद्रव्याचा (विश्वातल्या न दिसणाऱ्या द्रव्याचा) कण टकरीत जन्मला तर तो डिटेक्टरला चकवून निघून जाईल. तो होता हे कळणार फक्त ऊर्जेचा जमाखर्च जुळत नाही यावरून. आता जेटचं शेपूट मोजायचंच राहिलं तरीही जमाखर्च जुळत नाही, आणि मुळात नसलेला कण दिसायला लागतो. नव्या कणाचा दावा करण्याआधी ही गळती बंद असावी लागते.

हे काम पुस्तकातून येत नाही. हाताखाली शिकावं लागतं आणि हात रिकामे राहिले की विसरलं जातं. टेक्सासमधला ८७ किलोमीटरचा त्वरक १९९३ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने रद्द केला तेव्हा २ अब्ज डॉलर खर्च होऊन गेले होते, आणि माणसं पांगली ती पांगलीच. आज टीआयएफआर हे सीएमएसच्या नव्या कॅलोरिमीटरसाठी (ऊर्जा मोजणाऱ्या भागासाठी) षटकोनी सिलिकॉन मॉड्यूल जुळवणाऱ्या मोजक्या केंद्रांपैकी एक आहे. २०३० च्या सुमारास सुधारित एलएचसी सुरू होईल. त्यानंतर हे हात कशावर काम करणार, याचं उत्तर आजच शोधायला लागतं, कारण असं यंत्र उभं राहायला वीस-वीस वर्षं जातात.

आणि सर, 'प्रोटॉन २०७० मध्ये' म्हणून तुम्ही पहिला टप्पा एका वाक्यात निकालात काढलात, तिथे माझा खरा विरोध आहे. डब्ल्यू बोसॉन या जड मूलकणाचं वस्तुमान घ्या. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सीडीएफ प्रयोगाने ८०,४३३ एमईव्ही सांगितलं. प्रमाण सिद्धांताच्या (मूलकणांच्या आजच्या मान्य सिद्धांताच्या) ८०,३५७ पासून ते इतकं दूर होतं की नवं भौतिकशास्त्र आलंच असं वाटलं. २०२४ मध्ये सीएमएसने ८०,३६० मोजलं, सिद्धांताशी अगदी जुळणारं. यातलं कोण कुठे घसरलं हे अजून सुटलेलं नाही. प्रोटॉन-टकरीत हे मोजणं अवघडच असतं, कारण प्रोटॉनच्या आतल्या नेमक्या कोणत्या घटकाने किती संवेग घेऊन धडक दिली ते ठाऊक नसतं आणि डब्ल्यू फुटताना निघणारा न्यूट्रिनो हातचा निसटतो. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनमध्ये सुरुवातीची ऊर्जा आपल्या हातात असते. जड कण स्वतः जन्मला नाही तरी अशा मोजमापातल्या बारीक फरकातून तो आधी जाणवू शकतो.

कलिन्याचा विद्यार्थी

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्यासारख्यांना यातलं काही स्वतः करून बघता येतं का?

दादरचा संख्याशास्त्री

येतं. सीएमएसने २०१४ पासून आपला डेटा टप्प्याटप्प्याने सगळ्यांसाठी खुला केला आहे आणि साध्या लॅपटॉपवर सुरुवात होते. दोन म्यूऑनच्या घटना घे, प्रत्येक जोडीचं वस्तुमान काढ आणि आलेख मांड. ३.१ जीईव्हीजवळ जे-साय, साडेनऊपाशी उप्सिलॉन, ९१ ला झेड, असे या ओळखीच्या कणांचे सुळके उभे राहतील. मग वेगवेगळ्या ट्रिगरने राखलेल्या घटनांचे आलेख शेजारी ठेव. चाळणी बदलली की त्याच निसर्गाचं चित्र कसं बदलतं ते दिसेल. सायनकर सरांचं म्हणणं मला इथे सर्वांत जास्त पटतं, माझा आक्षेप पुढच्या पायरीवर आहे.

सायनकर

नेव्हीनगरची, डब्ल्यूचं उदाहरण वजनदार आहे आणि पहिल्या टप्प्याचं मोजमाप व्हावं असं मलाही वाटतं. तरी होकार बिनशर्त नको. सुधारित एलएचसीत सीएमएसची पहिली चाळणी सेकंदाला लाखाऐवजी साडेसात लाख घटना पुढे सोडणार आहे आणि कणांच्या मार्गांची माहिती तिला पहिल्यांदाच मिळणार आहे. नव्या यंत्रात भारताने हिस्सा द्यायचा तर तो काँक्रीटमध्ये न देता अशा ट्रिगरच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये द्यावा, आणि ते आधी कागदावर घ्यावं.

नेव्हीनगरची

ट्रिगरचं काम मागावं, शंभर टक्के. पण शर्त घालायला तिथे आपला आवाज हवा, आणि सहयोगी सदस्याला सर्नच्या निर्णय घेणाऱ्या कौन्सिलमध्ये मत नसतं. बाहेर उभं राहून अटी घातल्या तर कामाची वाटणी आपल्याशिवाय होईल. कॅलोरिमीटरमधला वाटा आपल्याला मिळाला तो आधीच्या फरश्या वेळेवर आणि चोख करून दिल्या होत्या म्हणून. मी आत्ताच हो म्हणेन.